टर्नटेबलची खर्रर्र आणि पंख्याचा रेग्युलेटर

लक्षण: अँपच्या फोनो इनपुटवर (टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जिथे जोडतात तिथे) रेकॉर्ड न लावताही खर्रर्र आवाज, व्हॉल्यूम वाढवला की वाढतो, ब्लूटूथवर मात्र एकदम स्वच्छ.

अर्थिंगची वायर घट्ट केली, आरसीए केबल (टर्नटेबलचा सिग्नल अँपकडे नेणारी) बदलली, काही फरक नाही. वैताग आला होता, खरं सांगतो.

मग आर्म (सुईचा दांडा) स्टँडवर लॉक, व्हॉल्यूम नेहमीइतका ठेवला आणि घरातलं एकेक बंद करत गेलो, ट्यूबलाइट, राउटर, फ्रिज. हॉलचा पंखा बंद केला आणि खरखर गायब! खात्रीसाठी सेलवरचा रेडिओ मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी लावून स्विचबोर्डाजवळ नेला, नॉब फिरवला की रेडिओचाही सूर बदलायचा. जुना गोल फिरणारा डिमर टाइप रेग्युलेटर 50 हर्ट्झची लाट कापून पंखा हळू करतो त्यामुळे हा कचरा वायरिंगमध्ये शिरतो, आणि एमएम कार्ट्रिजचा (मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे सुईच्या हालचालीचा सिग्नल करणारा भाग) सिग्नल जेमतेम 5 मिलीव्होल्ट, फोनो प्रीअँप तो शंभरेक पट वाढवतो, कचऱ्यासकट.

उपाय असा: आधी एमसीबी बंद, मग इलेक्ट्रिशियनकडून कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर बसवला (पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो). नंतर आरसीए केबल एक्स्टेंशन बोर्डापासून लांब घेतली, जिथे पॉवर केबल ओलांडावीच लागते तिथे काटकोनात. आता पंखा तीनवर असतानाही शांत. घूं असा सलग आवाज येत असेल तर मात्र रेग्युलेटर सोडा, आधी अर्थिंगच बघा.