जुने गाजलेले डाव नुसते बघू नका, पटावर मांडून खेळा

डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश सिंगापूरला वर्ल्ड चॅम्पियन झाला, २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला वर्ल्ड कप मारला आणि तेव्हापासून कोल्हापुरात राजारामपुरी म्हणा, मंगळवार पेठ म्हणा, कुठल्याही गल्लीत जावा, बुद्धिबळाच्या क्लासला जाणारं एखादं तरी पोरगं भेटतंयच. लई भारी वाटतं हे बघून. पण ही पोरं दिवसभर मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतात, जेवताना व्हिडिओवर मोठ्या खेळाडूंचे डाव बघतात, "नाद खुळा खेळलाय" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की वजीर नेमका कुठल्या घरात दिला होता रे, तर गप्प. नुसता बघितलेला डाव डोक्यात राहत नाही. हातानं मांडून, अडून, डोकं खाजवून खेळलेला डाव मात्र वर्षानुवर्षं राहतो. ते कसं करायचं ते सांगतो, पोरांसाठी पण आणि रिटायर झालेल्या काकांसाठी पण, कारण पद्धत दोघांना एकच.

सामान फार लागत नाही. गुंडाळता येणारा पट आणि प्लास्टिकच्या सोंगट्या, एक वही, पेन आणि चाली झाकायला एक पुठ्ठा किंवा जुनी लग्नपत्रिका. डावाच्या चाली पुस्तकात मिळतात, नाहीतर लायचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर फुकटात मिळतात, तिथनं कागदावर उतरवून घ्या आणि मग मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. हे मी सिरियसली सांगतोय, मोबाईल शेजारी असला की बोट आपोआप पुढची चाल दाबतं आणि मग सगळं मुसळ केरात.

चाली वाचायला येत नसतील तर घाबरू नका, दहा मिनिटांचं काम आहे. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडनं उभ्या पट्ट्या ए पासून एच पर्यंत, आणि पांढऱ्याच्या बाजूनं आडव्या ओळी १ ते ८. सोंगट्यांची इंग्रजी अक्षरं अशी: के म्हणजे राजा, क्यू वजीर, आर हत्ती, बी उंट, एन घोडा. प्याद्याला अक्षरच नाही, नुसतं घर लिहायचं. फुली दिसली की मारलं, अधिकची खूण दिसली की शह.

आता डाव कुठला निवडायचा. नव्या माणसानं छोटा निवडावा, वीस-पंचवीस चालींचा, ज्यात एकानं सरळ हल्ला करून मात केलीय किंवा समोरच्याला डाव सोडायला लावलाय. सुरुवात कायम पॉल मॉर्फीच्या ऑपेरातल्या डावानं करा. १८५८ साल, पॅरिसचं ऑपेरा हाऊस, अमेरिकेतनं आलेला २१ वर्षांचा मॉर्फी, आणि समोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर असे दोघं मिळून सल्लामसलत करून खेळतायत. १७ चालींत खेळ खल्लास.

करायचं असं. पट मांडा, मॉर्फीच्या म्हणजे पांढऱ्याच्या बाजूनं बसा, पहिल्या सहा चाली दोन्हीकडच्या सरळ लावून घ्या. त्यानंतर पुठ्ठा. काळ्याची चाल उघडायची, पटावर खेळायची, आणि पांढऱ्याची चाल उघडायच्या आधी आपली चाल वहीत लिहायची, तीपण "मला हे का वाटतं" या अर्ध्या ओळीसकट. मग उघडायची. जुळली तर बरोबरची खूण, नाही जुळली तर पुढं जायची घाई नाही, आपली चाल पटावर लावून बघायची की आपल्या चालीला काळा काय करेल, आणि मगच मॉर्फीची चाल लावायची. एका डावाला तास-दीड तास लागतो आणि लागू दे.

सातव्या चालीला मॉर्फी वजीर बी३ वर आणतो, तिथनं एफ७ वर पण डोळा आणि बी७ च्या प्याद्यावर पण. काळा वजीर ई७ ला आणून एफ७ वाचवतो, पण बी७ तसंच उघडं. आता पुठ्ठ्यावर हात ठेवून विचार करा. जवळजवळ सगळी पोरं इथं लिहितात, वजिरानं बी७ खायचं. खाता येतं की, चूक नाही. पण मग काळा वजीर बी४ ला आणून शह देतो, वजिरांची मारामारी होते, पांढरा एका प्याद्यानं पुढं राहतो आणि डाव लांबत जातो. मॉर्फी काय करतो, घोडा सी३ ला आणतो. प्यादं सोडून! कारण काळ्याचा उंट आणि हत्ती अजून घरातच बसलेत, राजा मध्यात अडकलाय, अशा वेळी प्यादी गोळा करायची नसतात, आणखी एक गडी मैदानात उतरवायचा असतो. ही एक चाल ज्याला मनापासनं पटली त्याचा खेळ तिथनं बदलतो असं माझं ठाम मत आहे.

पुढं दहाव्या चालीला तो बी५ वर घोडा देतो, तेराव्याला डी७ वर हत्ती देतो, आणि लगेच दुसरा हत्ती, जो आत्तापर्यंत एच१ ला नुसता उभा होता, तो डी१ ला आणतो. १६ व्या चालीला वजीर बी८ वर शह देऊन फुकट देतो, काळ्याला घोड्यानं मारावाच लागतो, आणि १७ व्या चालीला हत्ती डी८, मात. आता पट तसाच ठेवा, सोंगट्या गोळा करू नका. पांढऱ्याकडं राजा आणि प्यादी सोडली तर उरलाय एक हत्ती आणि जी५ वरचा उंट, बस्स. काळ्याकडं वजीर, हत्ती, उंट, घोडा सगळं शिल्लक आहे. आणि काळ्याचा एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती अख्ख्या डावात एकदापण हललेले नाहीत. हे चित्र दोन मिनिटं नीट बघा, पोरगं शेजारी असेल तर त्यालाच विचारा की यातल्या कुठल्या सोंगट्या हलल्याच नाहीत, त्याला स्वतःहून सापडू दे.

मग दुसऱ्या दिवशी तोच डाव, पण वही न बघता. अडलात तर वही उघडा, परत पहिल्यापासून. आपल्याकडं तालमीत वस्ताद एकच डाव जोडीदार बदलून-बदलून करून घेतात, अंगात भिनेपर्यंत पुढचा शिकवत नाहीत, तसंच हे. तिसऱ्या दिवशी खुर्ची फिरवायची आणि काळ्याच्या बाजूनं बसायचं. हरलेल्याच्या बाजूनं बसणं लोक टाळतात, पण खरं शिक्षण तिथं आहे बघा. काळ्यानं तिसऱ्याच चालीला उंट जी४ ला आणला आणि चौथ्याला तो घोड्यावर देऊन टाकला, तिथनं त्याची अडचण सुरू झाली. तुम्ही तिथं वेगळं काय खेळला असता ते वहीत लिहा.

हे सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, लावायचं. आधी लावलंत तर ते नुसते आकडे दाखवणार आणि तुमचं डोकं बंद पडणार. शेवटी लावलं की मजा येते, कारण तेव्हा तुमच्याकडं स्वतःचे प्रश्न असतात. कॅस्परॉव्हचा टोपालॉव्हविरुद्धचा १९९९ चा नेदरलँड्समधल्या विक आन झी गावच्या स्पर्धेतला डाव घ्या, २४ व्या चालीला कॅस्परॉव्ह डी४ वर हत्ती देतो आणि काळ्या राजाला अख्ख्या पटावरनं ओढत पांढऱ्याच्या पहिल्या ओळीपर्यंत आणतो. अंगावर काटा येतो. पण टोपालॉव्हनं तो हत्ती मारायलाच नको होता, राजा बी६ ला नेला असता तर त्याचं निभावलं असतं, हे नंतरच्या विश्लेषणात निघालं. त्यानं डावाची किंमत कमी होते का, माझ्या मते अजिबात नाही, उलट तो मोह किती मोठा होता ते कळतं. पण हा डाव सुरुवातीला घेऊ नका, फार खोल आहे, वर्षभरानं घ्या.

मॉर्फी पक्का झाला की पुढची पायरी म्हणजे एक जुना आणि एक नवा डाव जोडीनं घ्यायचा. यातली माझी सगळ्यात आवडती जोडी सांगतो. अकिबा रुबिनस्टाइनचा रॉटलेवीविरुद्धचा डाव, लॉज शहर, १९०७. रुबिनस्टाइन काळ्यानं खेळतोय, त्याचे दोन्ही उंट बी७ आणि बी६ वरनं पांढऱ्या राजाकडं रोखलेले, घोडा जी४ ला, वजीर एच४ ला. पांढरा जी३ खेळून वजिराला हुसकावतो. आता तुम्ही सांगा, वजीर कुठं हलवाल? रुबिनस्टाइन हलवतच नाही! तो हत्तीनं सी३ चा घोडा मारतो आणि वजीर तसाच सोडतो. पांढरा प्याद्यानं तो वजीर खातो. मग काळ्याचा दुसरा हत्ती डी२ ला, पांढऱ्या वजिराच्या तोंडात. तोपण खातो. मग उंट ई४ वर मारून शह, पांढरा वजीर जी२ ला मध्ये आणतो, आणि सी३ चा हत्ती सरकून एच३ ला. पांढऱ्यानं डाव सोडला, कारण पुढं एच२ वर मात आहे आणि वजीर उंटाच्या रेषेत बांधला गेलाय, त्याला फारतर तो उंट खाता येतो, पण त्यानं मात टळत नाही. ही शेवटची मांडणी मी कितीदा लावली असेल, अजून मन भरत नाही.

हा डाव पाठ झाला की मग आपल्या आनंदचा २०१३ चा ॲरोनियनविरुद्धचा विक आन झी चा डाव लावा, आनंद काळ्यानं, २३ चालीत ॲरोनियननं सोडला. उंट सी५ ला ठेवून दिला की घ्या म्हणून, तो लटकत असतानाच १६ व्या चालीला घोडा ई५ ला, म्हणजे तोपण घ्या. परत तेच, दोन उंट राजाकडं, घोडा जी४ ला, वजीर एच पट्टीकडं निघालेला. आनंदनं स्वतःच त्यावेळी रुबिनस्टाइनच्या त्या डावाची आठवण काढली होती. मधे शंभराच्यावर वर्षं गेली, पण ज्याच्या डोक्यात जुना डाव होता त्याला पटावर बसल्यावर रस्ता दिसला. जुने डाव का लावायचे असं कुणी विचारलं तर मी ही जोडी दाखवतो.

सगळे डाव मारामारीचेच घेऊ नका. पोरांना एंडगेमचा, म्हणजे थोड्याच सोंगट्या उरल्यावरच्या खेळाचा, कंटाळा येतो, त्यांना वर्ल्ड चॅम्पियन राहिलेल्या कापाब्लांकाचा टार्टाकोव्हरविरुद्धचा न्यूयॉर्क १९२४ चा डाव द्या. हत्ती-प्याद्यांचा शेवट, आणि कापाब्लांका दोन प्यादी शहासकट खाऊ देतो आणि राजा पुढं-पुढं चालवत काळ्याच्या घरात एफ६ ला नेऊन बसवतो. तिथनं हत्ती, राजा आणि जी६ चं प्यादं मिळून काम करतात. राजा लपवायचा असतो एवढंच शिकलेल्या पोराला हा डाव बघून धक्का बसतो. त्याच्या जोडीला शॉर्ट-टिमन, टिलबर्ग १९९१, तिथं तर वजीर-हत्ती सगळे पटावर असताना शॉर्टचा राजा एच२, जी३, एफ४, जी५ असा भर रस्त्यानं चालत जातो, पुढं एच६ ला पोचून जी७ वर वजिराची मात करायला, आणि टिमनला काही करता येत नाही.

आणि मीर सुलतान खान. हे नाव आपल्या पोरांना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. पंजाबचा माणूस, आधी आपल्या देशी नियमांचं बुद्धिबळ खेळत मोठा झाला, नंतर इंग्लंडला गेला, १९२९, १९३२ आणि १९३३ ला ब्रिटिश चॅम्पियन झाला, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यानं साक्षात कापाब्लांकाला हरवलं. त्या डावात सुलतान खान वजीर देऊन दोन हत्ती घेतो आणि मग हळूहळू गळा आवळत नेलाय, म्हणून तो दोन-तीन बैठकींत लावा. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं त्याला मानद ग्रँडमास्टर केलं २०२४ ला, तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी.

पालकांना एकच विनंती, रेटिंग किती वाढलं हे रोज विचारू नका, आठवड्यातनं एकदा "चल, मला एक डाव मांडून दाखव" म्हणा. तुम्हाला खेळ येत नसला तरी चालतं, उलट बरंच, कारण मग पोराला प्रत्येक चाल का खेळली ते सोप्या भाषेत सांगावं लागतं, आणि सांगताना त्याचं त्यालाच कळतं की कुठं समजलेलं नाही. आपल्या कोल्हापूरची ऋचा पुजारी वुमन इंटरनॅशनल मास्टर झाली, तासाभरावर सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळानं इतकी वर्षं स्पर्धा भरवल्या, तेव्हा आपल्या भागात हा खेळ काय नवा नाही, जुने खेळलेले लोक आहेत आसपास, त्यांच्यासमोर पट मांडून बसा, ते खुशीनं दोन गोष्टी सांगतात.

रविवारी सकाळी, क्लास नसेल तेव्हा, दोघं मिळून करायचा एक प्रकार पण सांगतो. गुकेशचा सिंगापूरच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधला चीनच्या डिंग लिरेनविरुद्धचा १४ वा डाव घ्या आणि ५५ व्या चालीच्या आधीची मांडणी लावा. डिंगकडं पांढरा हत्ती, उंट आणि एक प्यादं, गुकेशकडं पण तसंच, फक्त एक प्यादं जास्त. डिंगनं इथं हत्ती एफ२ ला नेला, हत्ती हत्तीला गेला, मग उंट उंटाला जाणार हे ठरलं आणि नुसत्या प्याद्यांचा डाव गुकेश जिंकणार होता. तुम्ही एकानं पांढरा घ्यायचा, एफ२ सोडून दुसरं काहीही खेळायचं, आणि डाव बरोबरीत सोडवायचा प्रयत्न करायचा, दुसऱ्यानं गुकेशसारखं दाबत राहायचं, मग बाजू बदलायच्या. घड्याळ लावायचं असेल तर लावा, दोघांना पंधरा-पंधरा मिनिटं पुरतात.