हरणासाठी जमिनीवरचा ब्लाइंड: बाहेरचं सोपं, घोळ आत होतो

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार गुन्हा ठरवली आहे, त्यामुळे ब्लाइंडमधून, म्हणजे लपून बसायच्या कापडी तंबूतून, धनुष्यबाणानं शिकार करायचं हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्या आणि लायसन्स-टॅग (शिकारीचा परवाना आणि हरीण मारायची परवानगी) खिशात असलेल्या मंडळींसाठी. उदाहरण विस्कॉन्सिनचं धरलंय. तिथं धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत चालतो आणि धनुष्याची ओढ (दोरी ओढायला लागणारा जोर) किमान ३० पौंड लागते. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथलं नियमपुस्तक आधी वाचा. धनुष्य साइट-इन केलेलं (नेमाची साइट जुळवलेलं) आहे आणि २० यार्डांवर बाण मुठीएवढ्या जागेत बसतात, हे गृहीत धरतो. तसं नसेल तर यंदा फक्त सराव करा.

जागा: हरणांची रुळलेली वाट शोधा आणि तिच्यापासून १५ ते २० यार्डांवर ब्लाइंड लावा. वारा वाटेकडून तुमच्याकडे यायला हवा. कापडी भिंती वास अडवतात, ही निव्वळ थाप आहे. हंगामाच्या दोन-तीन आठवडे आधी लावा, चारही कोपरे खुंट्यांनी ताणून बांधा आणि आसपासच्याच फांद्या नि गवत खोचून चौकोनी कडा मोडा. छताची सरळ रेघ हरणाला सगळ्यात आधी खटकते.

खिडकी शक्यतो उत्तरेकडे ठेवा. शरदात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे उन्हाची तिरीप आत येत नाही. समोरची एक खिडकी आणि लागलीच तर तिच्या शेजारची, एवढंच उघडा. मागची खिडकी उघडी राहिली की उजेडावर तुमची आकृती सावलीसारखी उठून दिसते. आतलं अस्तर काळं असतं, म्हणून कपडेही काळे घाला. पानाफुलांच्या नक्षीचं महागडं कॅमो इथं वाया जातं. चेहरा आणि हात झाका, कारण अंधारात हलणारा उघडा तळवाच चमकतो. निळी जीन्स नको. हरणाला नारिंगी रंग नीट कळत नाही, निळा मात्र चांगला दिसतो.

आता खरी अडचण. बहुतेक मार्गदर्शक ‘खुर्चीवर बसा आणि नेम धरा’ म्हणून मोकळे होतात, आणि नेमकं तिथंच बाण खिडकीच्या कडेला लागतो.

कारण साधं आहे. तुम्ही बघता पीपमधून (दोरीत बसवलेलं बारीक भोक) आणि पिनवरून (साइटमधला नेमाचा ठिपका), पण बाण सुटतो त्याच्या खालून. साइटच्या पुढे दोन-तीन फुटांवर तो नजरेच्या रेषेखाली सुमारे तीन इंच असतो. पिन हरणावर स्वच्छ दिसते, वाट मोकळी वाटते आणि ब्रॉडहेड (बाणाचं धारदार पात्यांचं टोक) मात्र कापडात घुसतं. वाट उताराला असेल तर हे हमखास होतं, कारण तेव्हा नेम खालच्या कडेला घासूनच जातो. म्हणून दोरी न ओढता धनुष्य नेमाच्या उंचीवर धरा आणि डोळा बाणाच्या कांडीला लावून बाहेर बघा. वाटेवरची जागा कडेआड जात असेल तर खिडकी खाली सरकवा किंवा खुर्ची उंच करा. वाटेच्या दोन्ही टोकांकडे वळूनही हेच तपासा.

खिडकीच्या जाळीतून बाण मारायचा विचार सोडा. मेकॅनिकल (मिटलेली, लागल्यावर उघडणारी) ब्रॉडहेडची पाती जाळीतच उघडतात. फिक्स्ड पात्यांचं जमतं म्हणतात, पण जाळी सरळ काढून टाकलेली बरी.

खुर्ची बिनहातांची आणि आवाज न करता फिरणारी घ्या. उंची १८ ते २० इंच. उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्यानं डावा खांदा खिडकीकडे करून, तिरकं बसायचं. सरळ समोर तोंड केलं की धनुष्याचं खालचं टोक मांडीवर आपटतं. पूर्ण ओढल्यावर बाणाचं टोक खिडकीच्या वीतभर आत राहिलं पाहिजे आणि मागचं कोपर भिंतीला लागता कामा नये. कोपर घासलं की सगळा ब्लाइंड थरथरतो. हरणाला तेवढं पुरतं. खालची जमीन पायानं साफ करा, एका वाळक्या पानाचाही आवाज होतो. हे सगळं आधी उजेडात, ब्लाइंडमध्ये बसून, टार्गेट लावून आणि शिकारीचेच ब्रॉडहेड वापरून करून बघा. उभ्यानं केलेला सराव इथं कामाचा नाही. संध्याकाळी पिना दिसतात का, तेही एकदा आत बसून बघा, कारण आत बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं आधीच अंधारतं.

दोरी कधी ओढायची? हरणाचा डोळा झाडाआड असेल किंवा डोकं चरायला खाली गेलं असेल तेव्हा, एका संथ हालचालीत. ते तुमच्याकडे टक लावून बघत असेल तर दगड होऊन बसा.

नेम फक्त आडव्या (कूस तुमच्याकडे करून) उभ्या असलेल्या किंवा किंचित पाठमोऱ्या हरणावर. आडव्यावर पुढच्या पायाच्या लगेच मागे, पोटाच्या रेषेपासून एक तृतीयांश वर. पाठमोऱ्यावर पलीकडचा पुढचा पाय डोळ्यांपुढे धरा आणि बाण तिकडे जाईल असा मारा. समोरून येणाऱ्यावर मारू नका, कितीही जवळ असलं तरी.

बाण सुटल्यावर जागचे हलू नका. हरीण शेवटचं कुठे दिसलं ती खूण लक्षात ठेवा, मग बाण बघा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुफ्फुस: अर्धा तास थांबा. गडद लाल म्हणजे यकृत: चार तास. हिरवट चिकटा आणि घाण वास म्हणजे आतडं: निदान आठ तास, भले रात्र जावो. घाईनं मागे गेलात तर हरीण उठून मैलभर पळतं आणि मग हातात काहीच राहत नाही. मिळालं की विस्कॉन्सिनात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करावी लागते, ती मोबाइलवरूनही होते.