जुन्या रस्त्याची बाग करताय? या चुका टाळा

बायपास झाला की जुनं वळण ओस पडतं. मग तिथं गाजरगवत, बांधकामाचा राडारोडा आणि दारूच्या बाटल्या. लातूरला आमच्या कॉलनीशेजारच्या असल्याच तुकड्यावर आम्ही बाग करायला घेतली आणि पहिल्याच वर्षी साठातली चाळीस रोपं गेली.

चूक साधी होती. डांबर न उखडता त्यावर फूटभर काळी माती ओतली. डांबराखाली खडी, मुरूम, सगळं रोलरनं दाबलेलं. पाणी जिरणार कुठं? पावसाळ्यात मुळं कुजली, काही उन्हाळ्यात भेगाळलेल्या मातीत वाळली. टपरीवाला म्हणाला, "मालक, कढईत झाडं लावलाव की!"

तेव्हा डांबर आधी उचला. सगळं जमत नसेल तर निदान झाडापुरता तीन बाय तीन फुटांचा खड्डा घ्या, मूळची माती लागेपर्यंत. बादलीभर पाणी ओतून रात्रभर ठेवा. सकाळी पाणी तसंच असेल तर पहार घेऊन अजून खाली जा. भरताना माती, शेणखत आणि थोडी वाळू. निघालेलं डांबर त्याच खड्ड्यात ढकलू नका. आम्ही तेही केलं होतं.

कुणीतरी दक्षिण कोरियातल्या सोल शहराचे फोटो दाखवून काँक्रीटच्या कुंड्या सुचवतंच. तिथं 1970 सालचा उड्डाणपूल 2017 मध्ये पादचाऱ्यांची बाग म्हणून खुला झाला. पुलावर झाड लावायचं तर कुंडीच हवी. आपल्या रस्त्याखाली जमीन आहे, ती वापरा.

लॉनचा हट्ट सोडा. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे लातूर. कडुलिंब, करंज, बहावा लावा, तेही जून-जुलैत. लवकर हिरवं दिसतं म्हणून कोनोकार्पस नको. गुजरातनं 2023 मध्ये त्याची लागवड बंद केली. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळं खड्डे कडेला घेतले तर पावसाचं पाणी आपोआप तिकडं येतं. तरी पहिले दोन-तीन उन्हाळे टँकर लागेल. त्याचे पैसे कोण देणार, हे रोपं आणण्याआधी ठरवा.

वाहतूक थांबली म्हणून जागा आपली होत नाही. सातबारा किंवा नगर भूमापनाचा उतारा काढा, जागा ज्या खात्याची त्याची लेखी परवानगी घ्या आणि खालून पाण्याची लाईन गेलीय का ते विचारा.

दोन्ही तोंडं तारेनं बंद करू नका. आमची तार आठवड्यात तुटली, कारण पोरं शाळेला तिथूनच जायची. आता दगडी खांब रोवलेत. माणूस जातो, मोटारसायकल अडते.