जिवंत धोंडे सांधताना: प्रार्थनेच्या गटाची मंडळी कशी होते

"आमच्याकडे दर आठवड्याला गीतं होतात, वचन होतं, प्रार्थना होते. तरी आपण मंडळी आहोत असं आतून का वाटत नाही?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. मंडळी म्हणजे ख्रिस्तात एकमेकांना जोडलेला विश्वासणाऱ्यांचा समुदाय, ज्याला चर्चही म्हणतात. मी पाळक (पास्टर) नाही. बरीच वर्षं घरसभा सांभाळणारी एक विश्वासणारी बाई आहे. माझ्या मते अशा गटात माणसं चांगली असतात, विश्वासही खरा असतो, पण ती एकमेकांना जोडलेली नसतात. प्रेषित पेत्र बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो की ख्रिस्त हा जिवंत धोंडा आहे आणि त्याच्याजवळ येणारे आपणही जिवंत धोंड्यांसारखे आध्यात्मिक मंदिर म्हणून रचले जातो. प्रेषित पौल इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात शरीराविषयी बोलतो तेव्हा प्रत्येक सांध्याचा मुद्दाम उल्लेख करतो, कारण पुरवठा सांध्यातूनच होतो. रचणारा देव आहे, हे मी क्षणभरही विसरत नाही. पण सांधे जुळतील अशी जागा करून देणं आपल्या हातात आहे, आणि ती कशी करावी ते इथे लिहिते.

आधी पाया. आपण कशामुळे एकत्र आलो, हे मोठ्याने बोलून झालंच पाहिजे. नातेवाईक म्हणून, शेजारी म्हणून किंवा एखाद्याचं बोलणं आवडतं म्हणून जमलेला गट त्या कारणाइतकाच टिकतो. म्हणून पहिल्या एकदोन सभांत उपदेश ठेवू नका. प्रत्येकाला आपली साक्ष देऊ द्या: प्रभूची ओळख कशी झाली, आज तो माझा कोण आहे. कोणी दोन वाक्यांत संपवेल, कोणी रडेल, कोणी म्हणेल, "मला अजून नीट कळलेलं नाही." सगळं ऐकून घ्या, मध्ये दुरुस्त्या करू नका. शेवटी इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय, ओवी 19 ते 22, सावकाश वाचा. कोनशिला ख्रिस्त आहे हे त्या दिवशी ऐकलेलं वेगळंच लागतं, कारण प्रत्येकाने नुकतंच आपल्या तोंडाने त्याचं नाव घेतलेलं असतं.

माणसं निवडू नका. हे मी आग्रहाने सांगते. एकाच वयाची, एकाच शिक्षणाची, एकाच पगाराची माणसं जमली की सभा सोपी जाते आणि मंडळी मात्र घडत नाही. फिलेमोनाला लिहिलेलं छोटं पत्र पाहा. अनेसिम हा त्याचा दास. पौल त्याला परत पाठवतो, पण आता दास म्हणून नव्हे तर प्रिय बंधू म्हणून स्वीकार असं लिहितो. आणि पत्राच्या सुरुवातीला फिलेमोनाबरोबर त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही सलाम आहे. म्हणजे धनी आणि दास एकाच खोलीत बसणार आणि सगळ्यांना ते ठाऊक असणार. तुमच्या गटात असा अवघड वाटणारा शेजार नसेल तर तो येऊ द्या.

जागेविषयी फार सांगण्यासारखं नाही. प्रिस्क आणि अक्विला तंबू शिवणारं जोडपं होतं, आणि त्यांच्या घरी मंडळी जमत असे. आजच्या सीरियात युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस इथे उत्खननात एक घर सापडलं. साधारण इ.स. 240 च्या सुमारास ते उपासनेसाठी बदललेलं होतं. लोकांना एकत्र बसता यावं म्हणून दोन खोल्यांमधली भिंत काढली होती, आणि दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्यासाठी कुंड केलं होतं. तुम्हाला भिंत पाडायची गरज नाही. सगळ्यांचे चेहरे सगळ्यांना दिसतील असं गोलाकार बसा. बोलणाऱ्यासाठी वेगळी खुर्ची ठेवू नका. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या गोलातच ठेवा, भिंतीला लावून मागे नकोत, नाहीतर वृद्ध मंडळी आपोआप प्रेक्षक होतात.

आता सभेचा क्रम, आणि इथे मी थोडी थांबते, कारण बहुतेक गट इथेच अडतात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल म्हणतो की तुम्ही जमता तेव्हा कोणाजवळ स्तोत्र असतं, कोणाजवळ शिक्षण, कोणाजवळ आणखी काही, आणि हे सगळं उन्नतीसाठी व्हावं. आपल्याकडे होतं ते असं: एक जण गातो, तोच प्रार्थना करतो, तोच बोलतो आणि बाकीचे आमेन म्हणतात. हे बदलायचं तर "कोणाला काही सांगायचंय का?" असं सभेत विचारून उपयोग नाही. त्यावर शांतता पसरते आणि मग नेहमीचाच माणूस बोलतो. आठवडाभर आधी, एकेकट्याला गाठून, नेमकं काम सांगा. "पुढच्या वेळी स्तोत्र 121 तुम्ही वाचा, आणि त्यातली कोणती ओळ धरून हा आठवडा काढलात तेवढंच सांगा." एवढं पुरतं. ज्याला वाचता येत नाही त्याला गीत सुरू करायला सांगा. गीत खालच्या पट्टीत धरा, म्हणजे वयस्कर आवाजही शेवटपर्यंत टिकतात.

गप्प बसणाऱ्यांना सर्वांसमोर बोलतं करू नका. आमच्या सभेत एक आजोबा होते. मोठ्याने प्रार्थना करायला ते कधीच तयार झाले नाहीत. त्यांचं अक्षर सुरेख होतं म्हणून प्रार्थनेची वही त्यांच्याकडे दिली. त्या वहीची रीत तुम्हीही उचला. पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात तारीख आणि नाव. दुसऱ्यात विनंती, ती ज्याने सांगितली त्याच्याच शब्दांत, एका ओळीत. तिसरा रकाना मोकळा सोडायचा. पुढच्या सभेची सुरुवात मागच्या पानापासून करायची: काय झालं? उत्तर मिळालं असेल तर तिसऱ्या रकान्यात तारीख, नसेल तर "अजून मागत आहोत". आजोबा दर वेळी चष्मा पुसून एकेक नाव वाचायचे आणि त्या माणसाकडे पाहून थांबायचे. मधल्या दिवसांत ते आजाऱ्याच्या दारात स्वतः जाऊन चौकशी करायचे, कारण रकाना रिकामा राहिलेला त्यांना सोसायचा नाही. सर्वांसमोर ते कधी बोलले नाहीत, पण कोणाच्या घरी काय चाललंय हे आमच्यापैकी सर्वांत जास्त त्यांना ठाऊक असे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल म्हणतो की शरीराचे जे अवयव अशक्त वाटतात तेच आवश्यक असतात. आमच्या सभेत ते आवश्यकपण आजोबांच्या हातात होतं.

वहीबाबत एक कडक नियम हवा. विनंती स्वतःची सांगायची, किंवा ज्याच्यासाठी सांगतो त्याला विचारून सांगायची. "अमक्याच्या घरातल्या भांडणासाठी प्रार्थना करू या" असं म्हणत चहाडी फार सहज आत शिरते, आणि एकदा शिरली की लोक मन उघडणं थांबवतात. असं बोलणं सुरू झालं तर तिथल्या तिथे, नरमाईने थांबवा.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे प्रभूच्या आठवणीत एकत्र भाकर मोडून घेण्याबद्दल. भाकर कोणी मोडावी, किती वेळा, बाप्तिस्मा न झालेल्यांनी काय करावं, याबाबत आपापल्या मंडळीची शिस्त असते. पाळकांना विचारा आणि ती पाळा. माझं सांगणं त्याच्या पलीकडचं आहे. करिंथात श्रीमंत आधी येऊन जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्याला प्रभुभोजन म्हणायलाच नकार दिला आणि सांगितलं, एकमेकांसाठी थांबा. हे थांबणं शब्दशः पाळा. कामावरून उशिरा सुटणारा एक जण वाटेत असेल तर मेज तसंच झाकून ठेवा आणि तोवर गीत गा. शक्य असेल तिथे एकच भाकर ठेवा, कारण भाकर एक म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत, असं पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात लिहितो. आणि जो अंथरुणावर आहे त्याला विसरू नका. इ.स. 150 च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकांनी रोममध्ये उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं. त्यात स्पष्ट आहे की जे हजर नसत त्यांच्याकडे सेवक भाकरीचा वाटा घेऊन जात. तुमच्या मंडळीच्या शिस्तीत हे बसत असेल तर त्याच दिवशी दोघांनी जा, एकट्याने नको, आणि त्या घरी बसून एक गीत म्हणा.

त्याच वर्णनात अर्पणाचीही गोष्ट आहे. ज्यांना ऐपत होती ते आपल्या इच्छेने देत, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांची काळजी घेतली जाई. छोट्या गटातही हे करा. पैसे दोघांनी मिळून मोजावेत, आकडा लिहावा आणि सर्वांना वाचून दाखवावा. कोणाला दिले ते नाव मात्र वाचू नये. पैशाच्या आणि अन्नाच्या वाटणीवरून पहिल्या मंडळीतही कुरकुर झाली होती. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय: ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होत होती. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असे सात जण निवडायला सांगितले आणि लोकांनीच ते निवडले. तक्रार आली की ती आत्मिक उणीव समजू नका, आधी हिशेब पाहा.

भांडण होईल. ते झालं म्हणजे मंडळी मोडली असं नाही. मत्तय अठराव्या अध्यायात प्रभूने वाट आखून दिली आहे: आधी दोघांनीच एकांतात बोलायचं, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घ्यायचं, त्यानंतर मंडळीला सांगायचं. आपण बहुतेक वेळा उलट्या टोकापासून सुरुवात करतो. कोणी तुमच्याकडे दुसऱ्याचं गाऱ्हाणं घेऊन आलं तर पहिला प्रश्न हाच विचारा: "त्यांच्याशी बोललात का?" नसेल तर बोलण्याआधी त्यांच्यासाठी प्रार्थना करा आणि गाऱ्हाणं आणणाऱ्याला तिकडे पाठवा. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं पटत नव्हतं. पौलाने दोघींना वेगवेगळी विनंती केली आणि आपल्या सोबत्याला सांगितलं की यांना साहाय्य कर. कोणाची बाजू बरोबर हे त्याने लिहिलेलं नाही. दोघींनी सुवार्तेसाठी त्याच्याबरोबर श्रम केले होते, एवढं मात्र आवर्जून लिहिलं. समेटाला बसताना मीही तिथूनच सुरुवात करते: या माणसाने प्रभूसाठी काय केलंय ते दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेते.

पुढारपणाचं थोडक्यात. शिकवण वाऱ्यावर सोडू नका. याकोब म्हणतो त्याप्रमाणे शिक्षकांचा न्याय अधिक कडक होणार आहे, तेव्हा वचन समजावणारा माणूस तयारी करणारा आणि पाळकांना उत्तर देणारा असावा. पण दार उघडणं, नव्या माणसाशेजारी बसणं, गैरहजर असलेल्याला त्याच संध्याकाळी फोन करणं ही कामं आलटूनपालटून सगळ्यांकडे जाऊ द्या. त्या फोनवर "का आला नाहीत?" असं विचारू नका. "आज तुमच्यावाचून चुकल्यासारखं झालं" एवढं म्हणा आणि ऐका.

शेवटचं काम बाहेरचे सांधे जोडण्याचं. घरसभा स्वतःपुरती बंद झाली की ती आजारी पडते. रविवारच्या उपासनेच्या वेळी सभा ठेवू नका. दर सभेत दुसऱ्या एखाद्या मंडळीसाठी नाव घेऊन प्रार्थना करा, पंथ वेगळा असला तरी. मासेदोनिया आणि अखया इथल्या विश्वासणाऱ्यांनी यरुशलेमेतल्या गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी पाठवली, आणि त्यांतल्या बहुतेकांनी एकमेकांची तोंडंही पाहिली नव्हती. आणि खोलीत सगळ्यांचे चेहरे दिसेनासे झाले, कोणाचं नाव वहीत यायचं राहू लागलं, की गट दोन करा. वाटणी करताना मैत्रीप्रमाणे करू नका. प्रत्येक बाजूला दोन प्रौढ विश्वासणारे, एक गाणारा, एक वही सांभाळणारा आणि नवे लोक असू द्या, आणि दोन्ही गटांच्या वह्या महिन्यातून एकदा एकत्र वाचा.