पॉइंट बसत नाही? मशीन उघडण्याआधी या चुका टाळा

गाडी स्टेशनबाहेरच्या होम सिग्नलला उभी, केबिनवरून फोनवर फोन आणि पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) बसून लॉक झाल्याचं इंडिकेशन काही येत नाही. अशा घाईत हात थेट पॉइंट मशीनच्या झाकणाकडे जातो. त्याआधी डिस्कनेक्शन मेमोवर (पॉइंट कामासाठी बंद ठेवल्याची लेखी नोंद) स्टेशन मास्तरांची सही घ्या. तोंडी परवानगीवर काम सुरू करू नका, गाडी कितीही खोळंबली तरी.

सगळ्यात घातक चूक म्हणजे मशीनमधला फ्रिक्शन क्लच (मोटारीचा जोर पुढे देणारा, पण अडलं की घसरणारा जोड) आवळणं. टंग रेल (पॉइंटची सरकणारी निमुळती रेल) अडली की क्लच घसरलाच पाहिजे, तो त्यासाठीच असतो. आवळला तर पॉइंट आज बसेल, पण उद्या मोटार जळेल नाहीतर रॉड वाकेल. क्रँक हँडलने पॉइंट सावकाश फिरवा आणि हाताला जड कुठे लागतं ते बघा. मग टंग रेलखालच्या स्लाइड चेअर, म्हणजे ती ज्यांवर सरकते त्या बैठका, पाहा. जिथे रेल घासते ती चेअर चकाकते. एखादी गंजलेली दिसली तर टंग तिच्यावर टेकतच नाही, म्हणजे स्लीपरखालचं खडीचं पॅकिंग गेलंय. मशीन निर्दोष आहे. ट्रॅकवाल्यांना बोलवा आणि दोघांनी मिळून दुरुस्ती करा.

चेअरवर तेल ओतू नका. उन्हाळ्यात त्यावर धूळ बसून घट्ट लगदा होतो. आधी पुसा, मग तेलाचा पातळ हात फिरवा.

ऑब्स्ट्रक्शन टेस्टला (टंग आणि बाजूच्या स्थिर रेलमध्ये अडथळा ठेवून करायची चाचणी) हाताशी आलेला वॉशर चालत नाही. 5 मिमीचा टेस्ट पीस टंगच्या टोकापासून 150 मिमीवर धरायचा. पॉइंट लॉक होता कामा नये, इंडिकेशनही येता कामा नये.

स्ट्रेचर बारचा (दोन्ही टंग रेल जोडणारा दांडा) नट सैल दिसला की नुसता आवळून पुढे जाऊ नका, तो सैल का झाला ते शोधा. इंग्लंडमध्ये पॉटर्स बारला 10 मे 2002 रोजी याच बारचे नट सुटले होते. गाडी घसरली आणि 7 माणसं गेली. पाच वर्षांनी इंग्लंडमध्येच ग्रेरिगला पुन्हा स्ट्रेचर बारच निखळले, आणि तिथली ठरलेली तपासणी काही दिवस आधी राहून गेली होती.

लिव्हर फ्रेमच्या (केबिनमधला हातदांडा ओढून पॉइंट हलवायच्या) जुन्या यार्डात रॉडिंग, म्हणजे केबिनपासून पॉइंटपर्यंतचे रॉड, भर दुपारी अ‍ॅडजस्ट करायचा मोह टाळा. 200 मीटर लोखंडी रॉड 30 अंशांच्या फरकाने सुमारे 72 मिमी वाढतो, आणि टंगची चाल असते जेमतेम 115 मिमी. ही वाढ कॉम्पेन्सेटरने (रॉडिंगमध्ये बसवलेला, लांबीतला फरक भरून काढणारा जोड) खाल्ली पाहिजे. तो जाम असेल तर दुपारी नीट बसलेला पॉइंट पहाटे उघडा राहील.