विनाशिकांसाठी इलेक्ट्रॉनिक सुटे भाग पुरवताना

महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमधील लहान कारखानदाराला नौदलाच्या विनाशिकांसाठी इलेक्ट्रॉनिक सुटे भाग पुरवायचे असतील, तर त्याने दर काढण्याआधी मागणीपत्रातील पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा. तापमानाची श्रेणी आणि पॅकेजचा (म्हणजे बाहेरच्या आवरणाचा) प्रकार बहुधा त्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांतच दडलेला असतो. सोबत तेरा अंकी नाटो साठा क्रमांक (लष्करी वस्तूंचा ओळख क्रमांक) असेल, तर पहिल्या चार अंकांवरून वस्तूचा वर्ग पडताळता येतो : ५९६२ म्हणजे आयसी (चिप), ५९१० म्हणजे कपॅसिटर, ५९३५ म्हणजे कनेक्टर.

खरी अडचण वयाची आहे. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस दिल्ली’ १९९७ मध्ये, ‘कोलकाता’ २०१४ मध्ये आणि ‘विशाखापट्टणम’ २०२१ मध्ये नौदलात दाखल झाली. जहाज कित्येक दशके सेवेत राहते, आयसीचे उत्पादन मात्र पुष्कळदा जहाजाची सेवा संपण्याच्या कितीतरी आधी बंद होते. अशा वेळी पर्यायी भाग आपल्या अधिकारात कधीही पाठवू नये. दोन्ही भागांच्या डेटाशीटची तुलना जोडून खरेदीदाराची लेखी मान्यता घ्यावी, मग त्यात महिना गेला तरी चालेल.

माल मूळ उत्पादकाकडून किंवा त्याच्या अधिकृत वितरकाकडूनच, अनुरूपता प्रमाणपत्रासह (माल ठरल्याप्रमाणे असल्याच्या लेखी दाखल्यासह) घ्यावा. एका मध्यस्थाने आम्हाला दिलेल्या आयसींवरची छपाई अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसली गेली आणि खाली घासल्याचे ओरखडे दिसले, तेव्हापासून आम्ही प्रत्येक खेपेतील नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. डेट कोडही तपासावा : २३१४ म्हणजे २०२३ चा चौदावा आठवडा. एकाच रीळमध्ये दोन कोड आढळले, तर खुलासा मिळेपर्यंत माल बाजूला ठेवावा.

साठवणुकीकडे आपल्या परिसरात सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि याची मला मनापासून काळजी वाटते. ओलाव्याला संवेदनशील अशा तिसऱ्या पातळीच्या आयसीला सीलबंद पाकिटाबाहेर १६८ तासांची मुभा असते, पण ती ३० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेत. ठाणे खाडीच्या काठी जुलैमध्ये अशी हवा वातानुकूलनाशिवाय मिळत नाही. आत शिरलेल्या ओलाव्याची सोल्डरिंगच्या उष्णतेने वाफ होते आणि आयसी आतून तडकते. चाचणीत टिकलेली अशी आयसी पुढे समुद्रावर दगा देऊ शकते. म्हणून पाकीट उघडल्याची वेळ त्यावरच लिहावी आणि मुदत उलटली असल्यास उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला भाग भाजून घ्यावेत.

सुटे भाग जोडून तयार केलेली सर्किट कार्डे पुरवायची असल्यास करारात जेएसएस ५५५५५ या लष्करी इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या चाचणी-मानकातील कोणत्या चाचण्या मागितल्या आहेत ते आधीच पाहावे. कंपन, धक्का आणि क्षारयुक्त धुके यांचा खर्च दरात धरावा लागतो. कार्डावर संरक्षक लेप देताना कनेक्टरचे संपर्कबिंदू झाकावेत.

पाठवताना प्रत्येक भाग अँटिस्टॅटिक पिशवीत घालून सिलिका जेल आणि आर्द्रतादर्शक कार्ड सोबत ठेवावे. तपासणी अधिकारी पाकीट उघडतातच, त्यामुळे पुन्हा सील करण्यासाठी रिकाम्या पिशव्याही त्याच खोक्यात द्याव्यात.