ठासणीच्या पिस्तुलाचं किट घरी बनवताना या चुका टाळा

ओहायोतल्या माझ्या गॅरेजात आतापर्यंत ठासणीच्या पिस्तुलांची तीन किटं पूर्ण झाली. तिन्ही स्वस्तातली, केंटकी धाटणीची, म्हणजे जुन्या अमेरिकी पिस्तुलांसारखी. अशा किटात पैसे वाचवलेले असतात ते हातकामात. दस्ता ओबडधोबड, पितळ ओतल्यासारखंच खरखरीत. म्हणून आपली हौस लाकडावर आणि पितळावर भागवावी. नळी आणि चापाची यंत्रणा आहे तशी ठेवावी.

सगळ्यात जास्त लाकूड वाया जातं ते घासताना. दस्त्याचं लाकूड पितळापेक्षा मुद्दाम किंचित उंच ठेवलेलं असतं. नवखा माणूस पितळ काढून ठेवतो, दस्ता एकटा गुळगुळीत करतो आणि परत बसवताना बघतो तर कडा गोल झालेल्या, पितळ वर आलेलं. माझा पहिला दस्ता असाच गेला. चापाच्या कमानीशी आजही नख अडकतं. पितळ जागेवर घट्ट बसवून दोन्ही एकदमच घासा. पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, बोटाने दाबू नका, नाहीतर मऊ लाकडात खळगे पडतात.

घोडा जड पडतो, अडखळतो, ही नेहमीची तक्रार. लोक लगेच कानस उचलतात. थांबा. आधी लॉकचा, म्हणजे चापाच्या यंत्रणेचा, आडवा स्क्रू अर्धा फेरा सैल करून बघा. फार आवळला की यंत्रणा आवळून धरली जाते. तरी अडलं तर आतलं लाकूड घासत असणार. मी तुपाच्या निरांजनावर ताटली धरून काजळी जमवतो आणि तेलाच्या थेंबात कालवून लॉकच्या आतल्या बाजूला पुसट लावतो. लॉक बसवून काढलं की जिथे घासतं तिथे लाकडावर काळा ठिपका उमटतो. धारदार पटाशीने तेवढाच खरवडायचा, कागदाइतका पातळ, आणि पुन्हा बघायचं. काम पाऊण तासाचं आहे, घाई केली की लॉक बसतं त्या पोकळीत भोक पडतं.

घोडा अर्ध्या खाचेवरून, म्हणजे अर्धवट ओढल्यावर तो जिथे अडकून राहायला हवा तिथून, निसटत असेल तर मात्र घरी काहीच करू नका. चाप हलका करायला खाच घासणं ही या छंदातली सर्वात धोक्याची चूक. लॉक बदलून घ्या किंवा जाणकार गनस्मिथकडे द्या. नळीला भोक पाडणं, ठिणगी पाडणारी टोपी ज्या निपलवर बसते ते धरणारा ड्रम उचकटणं, प्रूफचे शिक्के घासून काढणं, हेही नाही. शिक्का म्हणजे ती नळी दाब देऊन तपासल्याची खूण.

दस्ता बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा असेल तर त्यावर रंग डागाळतो. आधी ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर उभी राहिलेली कुसं घासा, मग पातळ रंगाचे दोन-तीन हात द्या. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतं. उघड्यावर पसरून वाळवा.

नेमबाजीच्या रेंजवर नेणार असाल तर फक्त ब्लॅक पावडर किंवा उत्पादकाने सांगितलेला तिचा पर्याय, धूरविरहित दारू कधीच नाही. आणि पिस्तूल भरलेलं नाही ना हे कळायला, हातात घेताना दर वेळी ठासणीचा गज नळीत सोडून बघा. रिकाम्या नळीत तो किती आत जातो याची खूण गजावर आधीच करून ठेवलेली असावी.

अमेरिकेच्या १९६८च्या केंद्रीय कायद्यात अशा प्रतिकृती सहसा ‘अँटिक’, म्हणजे नेहमीच्या बंदुकांपेक्षा वेगळ्या, धरल्या जातात, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात. ऑर्डर देण्याआधी आपल्या राज्याचे वाचा. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली ठासणीच्या हत्यारालाही परवाना लागतो. गावी भावाला दाखवायला म्हणून ते बॅगेत टाकू नका, फोटो पाठवा.